फोटो पास

मुंबईच्या जुन्या झोपडपट्ट्यांत एक कागद जिवापाड जपलेला असतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, ती पिशवी पत्र्याच्या पेटीत, आणि पेटी अशा उंचीवर की पावसाचं पाणी घरात शिरलं तरी तिथवर चढू नये. हा फोटो पास. 1976 साली सरकारने शहरातल्या झोपड्यांची गणना केली आणि मोजलेल्या कुटुंबांना फोटो चिकटवलेली ओळखपत्रं दिली. त्या फोटोत बघण्यासारखं काही नसतं. समोर पाहणारा चेहरा, नाव, झोपडीचा नंबर, शिक्का. पण घर पाडायला माणसं आली की पेटीतून आधी तोच बाहेर निघतो.

फुटपाथवर राहणाऱ्यांना तो मिळाला नाही. गणना झोपडपट्ट्यांची होती. रस्त्याच्या कडेला, गिरणीच्या किंवा गोदामाच्या भिंतीला टेकून संसार मांडलेल्यांना तिच्यात जागा नव्हती.

मी मुंबईच्या रस्त्यांचे फोटो काढते. भायखळा, नागपाडा, मोहम्मद अली रोडवरच्या उड्डाणपुलाखालचा पट्टा, परळच्या हॉस्पिटलांभोवतीचे फुटपाथ. बहुतेक वेळा पहाटे, दुधाच्या गाड्या यायच्या आधी. या भागात बेघर माणसांचे फोटो काढणारी मी पहिली नाही, शंभरावीही नसेन. परदेशी पर्यटक काढतात, फोटोग्राफी शिकणारी मुलं काढतात, दर हिवाळ्यात वर्तमानपत्रं काढतात. जगात सगळ्यात जास्त फोटो निघालेल्या बेघर माणसांत मुंबईच्या फुटपाथवाल्यांचा नंबर नक्की लागेल. आणि एवढ्या सगळ्या फोटोंमधला एकही त्या माणसाच्या पेटीत नसतो. एका बाजूला शहराला त्याचा फोटो हवा असतो, दुसऱ्या बाजूला त्याला स्वतःचा एक फोटो हवा असतो, आणि हे दोन फोटो कधी एक होत नाहीत. माझ्या कामातला सगळ्यात अवघड प्रश्न मला हाच वाटतो.

भायखळ्याला एका बाईंनी तो माझ्यासमोर फार सोप्या शब्दांत मांडला. मी कॅमेरा बाहेर काढल्यावर त्या म्हणाल्या, "काढायचाच तर पासपोर्टचा काढा ताई. मागं पांढरं लागतं ना?" मुलीने मागे धुतलेली चादर धरली. बाईंनी केस पाण्याने बसवले, पदर नीट केला, हनुवटी वर केली आणि थेट लेन्समध्ये पाहिलं. शाळेचा फॉर्म, बँकेचं खातं, रेशनचा अर्ज, सगळीकडे फोटो लागतो आणि स्टुडिओत आठ प्रतींचे पैसे द्यावे लागतात. त्यानंतर माझ्या पिशवीत पांढरं कापड असतं. आधी पासपोर्टचा फोटो, मग माझं काम. माझ्या कामाला काही जणी नाही म्हणतात, तरी पासपोर्टच्या प्रती मी पोचवते.

डॉक्युमेंटरी फोटोग्राफीचं एक जुनं ब्रीद आहे: जे दिसत नाही ते दाखवणं. तुरुंग, खाण, वेठबिगारांची वस्ती यांच्याबाबत ते खरंही आहे. पण फुटपाथवरच्या माणसाला दिसत नसल्याचं दुःख नाही. तो अहोरात्र दिसतो. त्याचं जेवण दिसतं, आंघोळ दिसते, नवराबायकोचं भांडण दिसतं, तान्ह्या मुलाला पाजणं दिसतं. कायदाही त्याच्याकडे दिसण्यावरूनच बघतो. 1959 च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या हात पसरण्यापाशी थांबत नाही. उपजीविकेचं दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबून राहणं हेही तिच्यात येतं. म्हणजे नुसता अवतार बघून माणूस उचलता येतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये या कायद्याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली. महाराष्ट्रात, जिथे तो जन्मला, तो आहे.

म्हणून "यांना दृश्यमान करायचं आहे" असं एखादा फोटोग्राफर म्हणतो तेव्हा मला धास्ती वाटते. दिसणं त्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. कमी आहे तो आडोसा, आणि कमी आहे तो पुरावा.

आडोशाचं सांगते. रात्री फुटपाथवर झोपणाऱ्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. डोक्यापासून पायापर्यंत चादर ओढलेल्या आकृत्या, ओळीने. अशा फोटोखाली हमखास मृत्यूची, प्रेतांची भाषा येते. ती मला अन्यायाची वाटते. चादर डासांसाठी असते आणि उजेडासाठी असते. बायका मुद्दाम दिव्याच्या खांबाजवळ पथारी टाकतात, अंधारात धोका असतो म्हणून. पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे होते, आता पांढरे एलईडी आले, ते डोळ्यांवर येतात. मग तोंडावर चादर. ती चादर म्हणजे त्या बाईने लावून घेतलेलं दार आहे. दार लावलेल्या घराचा फोटो बाहेरून काढता येतो, आत डोकावता येत नाही, एवढी साधी रीत आपण चाळीत, सोसायटीत पाळतोच. झोपलेल्या माणसाचा जवळून काढलेला एकही फोटो मी ठेवत नाही. हा नियम मी स्वतःला घातला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

या प्रकारच्या फोटोग्राफीचा उगम जिथे सांगितला जातो तिथे मात्र नेमकं उलटं घडलं. जेकब रीस हा डेन्मार्कहून 1870 मध्ये अमेरिकेत आलेला तरुण. कंगाल अवस्थेत त्याने न्यूयॉर्कच्या पोलीस चौकीतल्या निवाऱ्यात रात्र काढली होती, बेघरपण त्याला ऐकून माहीत नव्हतं. पुढे तो पोलीस बातमीदार झाला. 1887 च्या सुमारास मॅग्नेशियमच्या पुडीने अंधारात लखकन उजेड पाडून फोटो काढायची युक्ती निघाली, आणि रीस मध्यरात्री कोंदट खोल्यांमध्ये शिरून झोपलेल्या लोकांवर ती चालवू लागला. पाच सेंट देऊन जमिनीवर जागा मिळवलेले मजूर दचकून उठताहेत, डोळे दिपलेले, हा त्याचा एक नामांकित फोटो. 1890 साली त्याचं पुस्तक आलं आणि शहर हादरलं. मलबेरी बेंड नावाची बदनाम वस्ती पाडली गेली, 1897 मध्ये तिथे बाग उघडली. ज्या पोलीस निवाऱ्यांनी त्याला स्वतःला वाईट रात्र दाखवली होती, ते रीसच्या आग्रहावरून पोलीस आयुक्त थिओडोर रूझवेल्ट यांनी 1896 मध्ये बंद केले. निवारे घाणेरडे होते यात वाद नाही. पण हिवाळ्यात पाठ टेकायची एक जागा गेली. रीसने शहर बदललं हे मी मानते. त्याच्या फोटोंचं सामर्थ्य कोणाच्या हातात गेलं, तेही मला दिसतं. फोटो बघणाऱ्यांच्या हातात गेलं. आपल्याला काय दाखवायचं आहे, हे त्या खोलीतल्या कोणालाही कोणी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न विचारला गेला, आणि विचारणारीचा आवाज जसाच्या तसा ठेवला गेला, अशी एक जागा मला मुंबईत सापडते. आनंद पटवर्धन यांच्या 1985 च्या 'हमारा शहर' या माहितीपटात झोपड्या पाडल्यानंतर एक बाई कॅमेऱ्यावरच उसळते. गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आमचं काय होणार, असा तिचा रोख आहे. दिग्दर्शकाने तो भाग कापला नाही. फोटोग्राफी शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात तेवढा तुकडा दाखवावा असं मला वाटतं. तिचं म्हणणं खोडून काढण्यासारखं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. तिला उपयोगी पडणारं काही करता येतं का, एवढंच शोधता येतं.

त्या पाडापाडीमागची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण माझ्या मते फुटपाथचं सगळ्यात चांगलं चित्र एका न्यायालयाच्या कागदात आहे. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवून आपापल्या गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. भर पावसाळ्यात. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही संघटना आणि खुद्द फुटपाथवर राहणारी माणसं सर्वोच्च न्यायालयात गेली. 1985 च्या जुलैमध्ये निकाल आला, सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्या निकालाने मान्य केलं, म्हणून तो कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. घरं मात्र त्याने वाचवली नाहीत. फुटपाथ चालण्यासाठी आहे, पालिका तो मोकळा करू शकते, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबावं, असं सांगितलं. आणि पर्यायी जागा कोणाला द्या म्हणाले? ज्यांच्याकडे 1976 च्या गणनेची ओळखपत्रं आहेत त्यांना. परत तोच कागद.

पण मी त्या निकालाकडे वळते ते त्याच्या सुरुवातीच्या काही परिच्छेदांसाठी. अर्जदार कोण आहेत ते तिथे सांगितलं आहे. एक जण संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळत, गावाकडचं घर पडलं म्हणून मुंबईला आला. बदली कामगार म्हणून महिना 350 रुपयांवर लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर 'घर' मिळवण्यासाठी तिथल्या गुंडाला 300 रुपये द्यावे लागले. बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाला 700 रुपये पडले. आणखी एक भूमिहीन मजूर, तमिळनाडूतल्या सेलमचा. त्याचं घर जुलै 1981 मध्ये पाडलं, कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवलं. बायको-मुली तिकडे राहिल्या, तो कामाच्या शोधात परत आला आणि पुन्हा एका फुटपाथवरच्या घरात शिरला.

जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी रक्कम गुंडाला आणि दोन पगार बांबूला! फुटपाथवरचं राहणं फुकट असतं हा आपला सगळ्यात पक्का गैरसमज, तो त्या चार ओळींत मोडतो. कुठलाही फोटो हे एकट्याने करू शकत नाही. फोटोत प्लास्टिकचा कागद दिसतो, त्याची किंमत दिसत नाही. गुंड दिसत नाही. पडलेलं घर संगमनेरला असतं, फ्रेमच्या दोनशे किलोमीटर बाहेर. फोटोत गरिबी एखाद्या रंगासारखी माणसाला चिकटलेली दिसते. ती कुठून आली, कोणाच्या खिशात गेली, हे सांगायला शब्द लागतात आणि आकडे लागतात.

हे भायखळ्याच्या बायकांना फोटोग्राफरांच्या आधी कळलं होतं. 1984 मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली, आणि निकाल लागला त्याच वर्षी तिने फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे 6,000 कुटुंबांची शिरगणती केली. सरकारने मोजलं नाही तर आपण मोजू. पुढे तिथल्या बायकांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. बचत, गणती, घराचे नकाशे, रेशनकार्डासाठी कचेऱ्यांचे खेटे. पुरावा दुसऱ्याने द्यायची वाट न बघता तो स्वतः तयार करायचा, ही त्या कामातली गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता दुसऱ्या चंद्रचूडांकडे येते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं ठरवलं. त्यातलं प्रमुख निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं, यशवंतरावांच्या मुलाने. माणूस सार्वजनिक जागी आहे म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही, ते जागेला नव्हे तर माणसाला जोडलेलं असतं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. बापलेकांचे हे दोन निकाल एकापुढे एक ठेवून वाचले की फुटपाथवर झोपलेल्या बाईचा हक्क बऱ्यापैकी पूर्ण दिसू लागतो. पोट भरण्यासाठी ती इथे आली, तो तिचा हक्क. आणि भिंत नसली तरी तिची झोप तिची आहे. व्यवहारात मात्र फोटोचे सगळे हक्क माझे. आपल्या कॉपीराइट कायद्याने फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. जिचा चेहरा, तिचा त्यावर काडीचा हक्क नाही.

मग कॅमेरा कुठे धरायचा? मी तो शहराकडे वळवते. न्यूयॉर्कमध्येच, रीसनंतर जवळजवळ 90 वर्षांनी, मार्था रोस्लर यांनी 1974-75 मध्ये बावरी या भागाचे फोटो काढले. दारुड्यांसाठी आणि निराधारांसाठी कुप्रसिद्ध असा तो रस्ता. त्यांच्या एकाही फोटोत माणूस नाही. बंद दुकानं, पायऱ्या, रिकाम्या बाटल्या, आणि शेजारच्या चौकटीत दारुड्यांसाठी वापरले जाणारे शब्द. मला ते फोटो थोडे कोरडे वाटतात, पण त्यांतली शिस्त पटते. माणसाला फ्रेममधून मोकळं केलं की बघणाऱ्याला दया दाखवायला चेहराच सापडत नाही, आणि नजर भिंतीवर, दारावर, रस्त्यावर जाते.

मुंबईत या नजरेला भरपूर काम आहे. उड्डाणपुलांखालचे पट्टे बघा. कुठे जाळी, कुठे कुलूप लावलेलं उद्यान, कुठे कुंड्यांची रांग, कुठे मुद्दाम उभे रोवलेले दगड. सुशोभीकरण म्हणून बोर्ड असतो. दुकानांच्या पायऱ्यांवर लोखंडी पट्ट्या. बसथांब्यावरचं बाकडं मधोमध दांडे घालून असं तोडलेलं की बसता येईल, आडवं होता येणार नाही. एकेका वस्तूमागे कोणीतरी बसून विचार केला आहे, निविदा काढली आहे, बिल मंजूर केलं आहे. 2018 मध्ये फोर्टमधल्या एका बँकेच्या शाखेबाहेर ओट्यावर टोकदार लोखंडी खिळे बसवले होते. त्यांचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला, लोक संतापले आणि खिळे निघाले. तिथे काय होतं फोटोत? फक्त लोखंड. कोणाचा उपाशी चेहरा नव्हता, कोणाची लाज नव्हती, आणि तरी तो फोटो कामाला आला. असे फोटो मला काढायचे आहेत.

न बांधलेल्या गोष्टींचेही फोटो काढावेत, पण ते कसे काढायचे ते अजून जमवते आहे. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री देशभरातले बेघर मोजले गेले. 17 लाखांहून अधिक, त्यांतले मुंबईत सुमारे 57 हजार, आणि एका रात्रीत मोजलेला हा आकडा अपुरा आहे असं या क्षेत्रात काम करणारे तेव्हापासून म्हणताहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमाप्रमाणे लाखभर लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा एक कायमचा निवारा हवा. सव्वा कोटीच्या मुंबईला तो हिशेब लावला तर सव्वाशे निवारे होतात. ते सगळे उभे राहिले तरी साडेबारा हजार माणसं आत जातील. बाकीचे कुठे, याचं उत्तर नियमातच नाही.

आणि परळ. टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर राहणारी माणसं 'बेघर' या खणात बसत नाहीत. त्यांची घरं आहेत, बिहारमध्ये, बंगालमध्ये, मराठवाड्यात. उपचार महिनोन्‌महिने चालतात, खोलीचं भाडं झेपत नाही. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, रुग्णांसाठी इतरही आहेत, पण जागा थोड्या आणि रांग मोठी. "बेघरांना आसरा" हे गाडगेबाबांच्या दशसूत्रीतलं एक सूत्र, शाळेच्या भिंतीवर आपण सगळ्यांनी वाचलेलं. इथे मी माणसांचे फोटो काढते, विचारून, दिवसाउजेडी. फाईल मांडीवर घेऊन बसलेली माणसं असतात ही. एक्स-रेचं मोठं पाकीट, औषधांची पिशवी, स्टोव्ह, पाण्याचे कॅन, दुभाजकाच्या रेलिंगवर वाळत घातलेली साडी.

प्रत्येक फोटोखाली मी मजकूर लिहिते, त्या निकालपत्राच्या वळणावर. गाव, कधीपासून, कशासाठी, किती खर्च, पैसे कुठून आले. डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण त्या बाईंचं नाव लोकांना कळायला 1978 उजाडावं लागलं, कारण काढताना ते विचारलंच नव्हतं. मी विचारते. छापायचं की नाही ते त्या ठरवतात, आणि बहुतेक जणी नको म्हणतात. गावात कळेल, मुलीचं लग्न अडेल, पालिकेची गाडी येईल. मग नाव माझ्या वहीत राहतं, बाकीचं फोटोखाली जातं. छापण्याआधी मजकूर वाचून दाखवते.

परभणी जिल्ह्यातल्या एका बाईंना वाचून दाखवला तो असा: "परळ, फुटपाथ. नवऱ्याच्या घशाचा कॅन्सर. दर तीन आठवड्यांनी केमो. दिवाळीपासून इथे. संडासाचे पैसे रोज, आंघोळीचे वेगळे. पाणी शेजारच्या हॉटेलातून, मागून. गावी दोन खोल्या, पत्र्याच्या. खर्चासाठी बैलजोडी विकली."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन एकर जमीन हाय, ते ऱ्हायलं. तेबी लिवा. गहाण हाय, पण हाय."